साध्या लॅपटॉपचा उत्तम म्युझिक सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. म्युझिक सर्व्हर म्हणजे नक्की काय? लॅपटॉपवर गाणी वाजवतोच की आपण!

फरक वापरण्याच्या पद्धतीत आहे. सर्व्हर झालेला लॅपटॉप एका कोपऱ्यात झाकण मिटून पडून राहतो. त्याच्या डिस्कवर सगळा संग्रह असतो, यूएसबीला डॅक (आकड्यांचं आवाजाच्या संकेतात रूपांतर करणारं उपकरण) जोडलेला असतो आणि डॅकमधून तारा ॲम्प्लिफायरला गेलेल्या असतात. गाणं निवडायचं ते फोनवरून. लॅपटॉपवर दुसरं कुठलंही काम चालत नाही, त्यामुळे मध्येच नोटिफिकेशन वाजत नाही, अपडेटसाठी मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही आणि फाइलमधले आकडे वाटेत कोणी बदलत नाही.

लॅपटॉपचं काम एवढंच, की फाइलमधले आकडे आहेत तसे आणि वेळेवर डॅकपर्यंत पोचवायचे. आवाजाचा दर्जा डॅक, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि खोली ठरवतात. म्हणूनच स्वस्त लॅपटॉप पुरतो, आणि वाचलेले पैसे स्पीकरवर घालावेत असं आमचं ठाम मत आहे.

२. माझा लॅपटॉप आठ-दहा वर्षांचा आहे. चालेल का?

बहुतेक वेळा चालतो. ६४-बिट ड्युअल-कोर प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि दोन धडके यूएसबी पोर्ट असले की झालं. फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी केलेली) फाइल उलगडायला प्रोसेसरला अगदी थोडं काम पडतं. जास्त ताकद लागते ती डीएसपीने (आवाजावरच्या गणिती प्रक्रियेने) खोलीमुळे आवाजात येणारे दोष दुरुस्त करताना किंवा पीसीएमचं (सीडीवर असतात तशा नेहमीच्या आकड्यांचं) उच्च दराच्या डीएसडीत (एका बिटाच्या वेगळ्या फॉरमॅटमध्ये) रूपांतर करताना.

खर्च करायचाच तर एका गोष्टीवर करा: जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. खरखर थांबते, मशीन पटकन सुरू होतं आणि हजारो अल्बमची यादी क्षणात उघडते. पंखा साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही नवी लावा. लॅपटॉप ऐकण्याच्या खोलीतच राहणार असेल, तर पंख्याचा आवाज हा खरा अडथळा ठरतो. फुटका स्क्रीन किंवा काही मेलेल्या कळा यांनी काही बिघडत नाही. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र आधी प्रश्न १६ वाचा.

३. वेगळा डॅक हवाच का? हेडफोन जॅक आहे ना?

सुरुवात जॅकवर करायला हरकत नाही. पण लॅपटॉपच्या आतला ऑडिओ भाग प्रोसेसर, वाय-फाय आणि वीजपुरवठ्याच्या शेजारीच असतो. माउस हलवला किंवा डिस्क चालली की बारीक किर्र आवाज येतो, तो याच शेजारामुळे. यूएसबी डॅक लावला की आकड्यांचं आवाजात रूपांतर लॅपटॉपच्या बाहेर होतं.

घेताना दोन गोष्टी बघा. डॅक असिंक्रोनस यूएसबी हवा, म्हणजे वेळ राखायचं काम डॅकचं स्वतःचं घड्याळ करतं, लॅपटॉपचं नाही. दुसरं, तो यूएसबी ऑडिओ क्लास २ (यूएसबीवरून आवाज पाठवायचा ठरलेला नियम) पाळणारा असावा. क्लास १ मध्ये व्यवहारात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या (हा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने) वर जाता येत नाही. लिनक्स आणि मॅकवर क्लास २ साठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजमध्ये तो २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आहे, त्याआधीच्या विंडोजवर निर्मात्याचा ड्रायव्हर घालावा लागतो.

४. विंडोज ठेवू की लिनक्स घालू?

घरात आणखी कोणी तो लॅपटॉप वापरत असेल, तर विंडोज ठेवा आणि प्रश्न ७ मधल्या सेटिंग्ज करा. फक्त संगीतासाठी असेल तर लिनक्स. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. कायम नेटवर्कवर राहणाऱ्या मशीनसाठी हे कारण एकटंच पुरेसं आहे.

लिनक्समध्ये दोन वाटा आहेत. कमांड लिहायची तयारी नसेल तर डॅफाइल किंवा व्होल्युमिओची पीसी आवृत्ती घ्या, या संगीतासाठीच बनवलेल्या सिस्टिम आहेत. पेन ड्राइव्हवर इमेज लिहायची, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि पुढचं सगळं ब्राउझरमधून करायचं. सगळं आपल्या हातात हवं असेल तर डेबियन हा लिनक्सचा प्रकार, तोही डेस्कटॉपशिवाय. आम्ही डेबियन सुचवतो. वर्षानुवर्षं न कुरकुरता चालतं आणि काही बिघडलंच तर शोधायला सोपं जातं.

५. प्लेअरचं सॉफ्टवेअर कोणतं?

संगीत कुठे वाजणार यावर ते ठरतं.

एकाच खोलीत, लॅपटॉपला जोडलेल्या डॅकवर ऐकायचं असेल तर एमपीडी. हलका आहे, पडद्यामागे चालतो आणि ६६०० या नेटवर्क पोर्टवर फोनमधल्या ॲपची वाट बघतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी एमपीडी क्लायंट मिळतात.

तीन-चार खोल्यांत एकाच वेळी तेच गाणं हवं असेल तर लिरियन म्युझिक सर्व्हर. पूर्वी याचं नाव लॉजिटेक मीडिया सर्व्हर होतं. हा ९००० पोर्टवर ब्राउझरमध्ये उघडतो. प्रत्येक खोलीतल्या छोट्या संगणकावर स्क्वीझलाइट चालवलं की खोल्या एकमेकींशी जुळवून वाजवता येतात.

फोनवर, प्रवासात आपला संग्रह ऐकायचा असेल तर नॅव्हिड्रोम, पोर्ट ४५३३. एमपीडी आणि नॅव्हिड्रोम एकाच लॅपटॉपवर, एकाच फोल्डरवर सुखाने चालतात. बाहेरून जोडणी कशी करायची ते प्रश्न १८ मध्ये.

६. डेबियनवर एमपीडी बसवायचे टप्पे सांगा.

डेबियन घालताना सॉफ्टवेअर निवडीच्या पानावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा. एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून कमांड द्यायची सोय) आणि मूलभूत सिस्टिम युटिलिटीज एवढंच ठेवा. मग ॲप्टने (डेबियनच्या सॉफ्टवेअर बसवायच्या कमांडने) एमपीडी आणि अल्साची (लिनक्सचा आवाज हाताळणारा भाग) युटिलिटीज पॅकेज घाला.

संग्रहासाठी वेगळी डिस्क असेल तर ती एफएस-टॅब फाइलमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) यूयूआयडीने (डिस्कच्या कायमच्या ओळख-क्रमांकाने) नोंदवा आणि ‘नोफेल’ हा पर्याय जोडा. तो नसेल आणि डिस्क निघालेली असेल, तर मशीन सुरू होताना मध्येच अडकतं आणि झाकण मिटलेल्या लॅपटॉपवर ते कळतही नाही.

त्यानंतर एमपीडीच्या कॉन्फ फाइलमध्ये चार बदल करा. म्युझिक डिरेक्टरीत संग्रहाचा पत्ता लिहा. बाइंड-टू-ॲड्रेसमध्ये ‘एनी’ लिहा, नाहीतर फोनवरून जोडणी होत नाही. ऑडिओ आउटपुटचा प्रकार अल्सा ठेवून डिव्हाइसमध्ये ‘एचडब्ल्यू’ आणि पुढे डॅकच्या कार्डचं नाव द्या. मिक्सर टाइप ‘नन’ करा, म्हणजे एमपीडी व्हॉल्यूमला हात लावत नाही.

यातला तिसरा बदल सगळ्यांत महत्त्वाचा. ‘एचडब्ल्यू’ म्हणजे थेट हार्डवेअरशी बोलणं. ‘प्लग-एचडब्ल्यू’ किंवा ‘डिफॉल्ट’ लिहिलं की अल्सा मध्ये पडून फॉरमॅट किंवा सॅम्पल रेट गुपचूप बदलू शकते. तसंच कार्डाचा क्रमांक लिहू नका, नाव लिहा. क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतात. मग एमपीडी लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डाला गाणी पाठवत बसतो आणि स्पीकर गप्प असतात. कार्डांची नावं ए-प्ले ही कमांड मोठ्या एलच्या पर्यायाने चालवली की दिसतात.

शेवटी सेवा रीस्टार्ट करा आणि फोनवरच्या ॲपमधून डेटाबेस अपडेट करा. पहिल्यांदा मोठा संग्रह वाचायला वेळ लागतो, तोवर थांबा.

७. विंडोजवर आवाज ‘जसाच्या तसा’ कसा पाठवायचा?

विंडोजचा मिक्सर सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करतो आणि साउंड सेटिंग्जमध्ये जो एक सॅम्पल रेट निवडलेला असेल त्यात सगळं बदलून पाठवतो. तिथे ४८ किलोहर्ट्झ असेल तर ४४.१ ची प्रत्येक सीडी रूपांतरित होऊनच वाजते. हे टाळायला प्लेअरमध्ये वासापी एक्स्क्लुझिव्ह (मिक्सर टाळून डॅक एकट्या प्लेअरला देणारी विंडोजची सोय) किंवा डॅकच्या निर्मात्याने दिलेला एएसआयओ (तेच काम करणारा ड्रायव्हर) निवडा. फूबार२००० या प्लेअरच्या आताच्या आवृत्तीत एक्स्क्लुझिव्ह आउटपुट आतच असतं. प्राधान्यक्रमांच्या आउटपुट पानावर डॅकच्या नावापुढे तसं लिहिलेलं दिसेल.

डॅकच्या प्रॉपर्टीजमध्ये एक्स्क्लुझिव्ह ताब्याची खूण चालू ठेवा आणि सर्व एन्हान्समेंट्स बंद करा. सिस्टिमचे आवाज ‘नो साउंड्स’वर टाका. पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

८. झाकण मिटलं की गाणं बंद पडतं.

विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ निवडा, चार्जर आणि बॅटरी दोन्हींसाठी. डेबियनवर लॉगिन-डी कॉन्फ फाइलमध्ये ‘हँडल लिड स्विच’ची किंमत ‘इग्नोअर’ करा, ओळीच्या सुरुवातीचं हॅश चिन्ह काढा आणि रीबूट करा. हॅश तसाच राहणं ही इथली नेहमीची चूक.

काही लॅपटॉपची हवा कीबोर्डमधून आत जाते. तसा असेल तर झाकण बोटभर उघडं ठेवा आणि स्क्रीन बंद करा.

९. बिट-परफेक्ट (एकही आकडा न बदलता) वाजतंय हे ओळखायचं कसं?

डॅकवर सॅम्पल रेट दिसत असेल तर एक ४४.१ ची आणि एक ९६ ची फाइल पाठोपाठ वाजवा. आकडा बदलला पाहिजे. लिनक्सवर गाणं चालू असताना प्रॉक फोल्डरातल्या ए-साउंडमध्ये त्या कार्डाची हार्डवेअर-पॅरॅम्स फाइल वाचा, तिथे त्या क्षणाचा खरा रेट आणि फॉरमॅट मिळतो.

पण रेट जुळला म्हणजे आकडे जुळले असं नाही. व्हॉल्यूम किंचित कमी असला तरी रेट तोच दिसतो. पक्की परीक्षा हवी असेल आणि घरात डीटीएस (सराउंड आवाजाचा एक फॉरमॅट) ओळखणारा एव्ही रिसीव्हर असेल, तर डीटीएस सीडीवरून काढलेली वेव्ह फाइल ऑप्टिकल किंवा कोएक्सिअल मार्गाने त्याला द्या. ती देताना रिसीव्हरचा आवाज अगदी कमी ठेवा. एकही बिट बदलला नसेल तर रिसीव्हर डीटीएस ओळखून नीट वाजवतो. वाटेत कोणी हात लावला असेल तर नुसता खरखराट ऐकू येतो.

१०. फ्लॅक, वेव्ह, एमपी३: काय ठेवू आणि जागा किती लागेल?

फ्लॅक. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा, म्हणजे तासाभराचं संगीत सुमारे ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये ते बहुधा ३०० ते ४०० एमबीत बसतं आणि उलगडल्यावर मूळ सीडीशी बिटनबिट जुळतं. ५०० जीबीत साधारण १,२०० सीडी मावतात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा तास फ्लॅकमध्ये साधारण १.१ ते १.४ जीबी घेतो.

कॉम्प्रेशनची ० ते ८ पातळी फक्त फाइलचा आकार आणि बनवायला लागणारा वेळ ठरवते. आवाज सगळ्यांचा एकच, म्हणून मूळची ५ तशीच ठेवा. वेव्हचा तोटा म्हणजे टॅग (फाइलमधली गाणं, कलाकार, अल्बम यांची नावं) ठेवायची पद्धत सगळे प्लेअर सारखी पाळत नाहीत.

एमपी३ चं फ्लॅक करून काहीही परत मिळत नाही. एकदा टाकलेली माहिती गेलेलीच असते. विकत घेतलेली फ्लॅक संशयास्पद वाटली तर स्पेकसारख्या प्रोग्रॅममध्ये तिचा आलेख बघा. १६ किलोहर्ट्झपाशी सरळ कापलेली रेष दिसली, तर ती बहुधा एमपी३ वरून बनवलेली असते. जुन्या ध्वनिमुद्रणांत मात्र वरच्या पट्टीत मुळातच फारसं काही नसतं. तिथे नुसत्या रिकाम्या जागेवरून निष्कर्ष काढू नका, धारदार कापलेली कड शोधा.

११. सीडी नीट कशी उतरवायची?

या कामात घाई करू नका. संग्रह एकदाच उतरवायचा असतो आणि हजार सीडी पुन्हा उतरवायचा उत्साह कोणाकडेच नसतो.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. तिन्ही ॲक्युरेटरिपशी पडताळणी करतात. इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीचा चेकसम (सगळ्या आकड्यांवरून काढलेली पडताळणीची खूण) तुमच्याशी जुळला की वाचन बरोबर आहे. त्यासाठी तुमच्या ड्राइव्हचा ऑफसेट (वाचन किती पुढे-मागे सुरू होतं तो आकडा) आधी नोंदवावा लागतो. तो चुकला तर कानाला काही कळत नाही, पण जुळणी हुकू शकते. सिक्युअर मोड वापरा आणि लॉग फाइल अल्बमच्या फोल्डरातच ठेवा. दुर्मीळ सीडीची नोंद ॲक्युरेटरिपमध्ये नसेल तर ‘टेस्ट अँड कॉपी’ने दोनदा वाचा. दोन्ही चेकसम सारखे आले की काम झालं.

ओरखडलेली सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नाही.

१२. १९८० च्या दशकातल्या काही सीडी उतरवल्यावर फार कर्कश वाजतात. सीडी प्लेअरवर ठीक होत्या!

त्यांवर प्री-एम्फसिस असणार. त्या काळात काही सीडींवर वरच्या पट्ट्या मुद्दाम वाढवून भरल्या जात आणि एका खुणेच्या आधारे प्लेअर त्या परत खाली आणत असे. उतरवताना ही खूण मागे राहते. ती कधी सीडीच्या अनुक्रमणिकेत असते, कधी फक्त सबकोडमध्ये (आवाजासोबत भरलेल्या जादा माहितीत), म्हणून सॉफ्टवेअरने ‘नाही’ म्हटलं तरी कानावर विश्वास ठेवा. उपाय सोपा आहे: मूळ फ्लॅक जपून ठेवा आणि सॉक्स या प्रोग्रॅमच्या डी-एम्फ इफेक्टने ऐकण्यासाठी वेगळी प्रत बनवा.

१३. देवनागरी नावं प्रश्नचिन्हं होऊन दिसतात. आणि एकच अल्बम वीस तुकड्यांत फुटतो.

पहिली अडचण एमपी३ मध्येच जास्त येते. आयडी३ या एमपी३ टॅगच्या पद्धतीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत नावाला ३० बाइट असतात आणि देवनागरीची सोय नसते. एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये ते टॅग काढून टाका आणि २.३ आवृत्तीचे, यूटीएफ-१६ मधले टॅग लिहा. फ्लॅकचे टॅग मुळातच यूटीएफ-८ असतात. तिथे चौकोन दिसले तर डॅकच्या किंवा ॲपच्या स्क्रीनवर देवनागरी फाँट नाही असं समजा, फाइल ठीक आहे.

दुसऱ्या अडचणीचं कारण रिकामा ‘अल्बम आर्टिस्ट’. वेगवेगळ्या गायकांच्या संकलनात प्रत्येक गाण्याचा कलाकार निराळा असतो आणि सर्व्हर प्रत्येकाचा वेगळा अल्बम करतो. अल्बम आर्टिस्टमध्ये सगळ्या गाण्यांना एकच नाव द्या. एकाच कलाकाराचं नाव कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये असेल तर तेही दोन कलाकार होतात. एक लिपी ठरवा आणि अक्षरक्रमाने लावण्यासाठी सॉर्टचे टॅग वापरा. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे टॅग भरणारं सॉफ्टवेअर मोठं काम आपोआप करतं, पण सेव्ह करण्याआधी नजर फिरवाच.

१४. आवाज कुठून कमी-जास्त करू?

शक्यतो ॲम्प्लिफायरवरून. डिजिटल व्हॉल्यूम दर ६ डेसिबलला सुमारे एक बिट खर्च करतो. तरी त्याची भीती अनाठायी आहे. १६ बिटची फाइल २४ बिटांत पाठवली की ८ बिट, म्हणजे सुमारे ४८ डेसिबल मोकळे असतात. खरा प्रश्न हा, की डॅक आणि ॲम्प्लिफायरची स्वतःची खरखर तेवढीच राहते आणि संगीत तिच्या जवळ येतं.

धोका वेगळाच आहे. मिक्सर ‘नन’ केल्यावर डॅकमधून पूर्ण पातळी बाहेर पडते. पॉवर ॲम्प्लिफायर डॅकला थेट जोडलेला असेल तर पहिल्या गाण्याला स्पीकर जाऊ शकतात. अशा जोडणीत डॅकवर व्हॉल्यूमचं बटण हवंच.

१५. मध्येच टिक्-टिक् आवाज येतो किंवा गाणं क्षणभर तुटतं.

आधी यूएसबी हब काढा, डॅक थेट लॅपटॉपला लावा आणि केबल बदलून बघा. मग लायब्ररीचं स्कॅनिंग चालू आहे का ते पाहा. विंडोजवर लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर आवाज अडवतो ते दाखवणारा प्रोग्रॅम) दहा मिनिटं चालवा. दोष बहुधा वाय-फाय किंवा बॅटरीच्या ड्रायव्हरकडे निघतो. वाय-फाय बंद करून लॅनची तार लावली की बऱ्याच जणांची तक्रार संपते. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा स्टिरिओ प्रवाहही कॉम्प्रेशनशिवाय सेकंदाला ९.२ मेगाबिटच असतो, त्यामुळे १०० मेगाबिटचं लॅन भरपूर झालं. वाय-फायच ठेवायचं असेल तर यूएसबी ३ ची डिस्क अँटेनापासून लांब ठेवा, तिच्या गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झची पट्टी बिघडते.

फक्त गाण्याच्या सुरुवातीला काही सेकंद शांतता असेल, तर झोपलेली हार्ड डिस्क जागी होत असते. आणि सुरुवातीचा अर्धा सेकंद गिळला जात असेल, तर डॅक नव्या प्रवाहाला जुळताना स्वतःला म्यूट करतो. एमपीडीच्या आउटपुटमध्ये ‘ऑल्वेज-ऑन’ चालू करा. रेट बदलताना मात्र तेवढी उघडमीट राहतेच.

चार्जर लावल्यावरच गुणगुण येत असेल तर तो ग्राउंड लूप (अर्थिंगच्या तारांतून फिरणारा नको तो प्रवाह) आहे. चार्जर काढून खात्री करा. लॅपटॉप, डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तेवढ्याने न थांबल्यास ऑप्टिकल केबल, बॅलन्स्ड जोडणी किंवा यूएसबी आयसोलेटर (दोन उपकरणांमधला विजेचा संबंध तोडणारं साधन). स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटच्या फुल-स्पीडवरच चालतात, म्हणजे पुन्हा क्लास १ ची मर्यादा आली. अर्थिंगची पिन कापणं हा उपाय नाही, त्यात जिवाला धोका आहे.

१६. चोवीस तास चार्जरवर ठेवला तर बॅटरीचं काय?

कायम १०० टक्के भरलेली आणि गरम राहणारी बॅटरी लवकर म्हातारी होते. बायोसमध्ये किंवा निर्मात्याच्या प्रोग्रॅममध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लावा. लिनक्सवर टीएलपी हे वीज सांभाळणारं सॉफ्टवेअर अनेक मॉडेल्समध्ये ही सोय देतं. धडकी बॅटरी काढू नका, वीज गेली तरी सर्व्हर आणि डिस्क सुरक्षित राहतात. टचपॅड वर आलेला दिसला किंवा तळ फुगलेला वाटला तर मात्र लॅपटॉप लगेच बंद करा, बॅटरी काढून घ्या आणि ई-कचरा केंद्रात द्या. तिला टोचू किंवा दाबू नका.

वीज फार लागत नाही. स्क्रीन बंद असताना सरासरी १० वॉट धरले, तर वर्षभर अखंड चालून सुमारे ८८ युनिट होतात.

१७. बॅकअप किती प्रती? डिस्कची रेड व्यवस्था (दोन डिस्कांवर एकच माहिती) आहे, ती पुरत नाही का?

पुरत नाही. चुकून पुसलेला फोल्डर रेडच्या दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसला जातो. मूळ धरून तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. आरसिंकने (फक्त बदललेल्या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने) महिन्यातून एकदा फरक चढवा. ‘डिलीट’चा पर्याय लावण्याआधी ‘ड्राय-रन’ने काय पुसलं जाणार ते वाचा.

फ्लॅकची एक फार मोलाची सोय लोक वापरतच नाहीत. प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ चेकसम असतो. फ्लॅक प्रोग्रॅम ‘टेस्ट’ पर्यायाने सगळ्या संग्रहावर चालवला की सडलेली फाइल नावासकट सापडते. वर्षातून दोनदा चालवा, आणि बॅकअपवर जुनी चांगली प्रत आहे तोवरच ती परत आणा.

१८. घराबाहेरून ऐकण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडू का?

नको. वायरगार्ड किंवा टेलस्केलने खासगी जोडणी करा, मग नॅव्हिड्रोम घरात असल्यासारखंच चालतं. मोबाइल डेटा वाचवायचा तर ट्रान्सकोडिंग (पाठवताना छोट्या फॉरमॅटमध्ये बदलणं) चालू करून ते ओपस फॉरमॅटच्या १२८ किलोबिटवर ठेवा. मूळ फ्लॅकला धक्का लागत नाही.

१९. डिस्क लावली आहे, फाइल दिसतात, पण एमपीडीत एकही अल्बम येत नाही.

परवानगीचा प्रश्न. डेबियनवर एमपीडी स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. डेस्कटॉपने आपोआप जोडलेली डिस्क फक्त तुमच्या खात्यापुरती असते, आणि उबुंटूवर २१.०४ पासून होम फोल्डरही इतरांना बंद असतं. फाइलला वाचायची परवानगी असून भागत नाही, वरच्या प्रत्येक फोल्डरात शिरायची परवानगी लागते. म्हणून डिस्क प्रश्न ६ प्रमाणे स्वतंत्र जागी जोडा.

एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीची) डिस्क फक्त वाचता येत असेल, टॅग सेव्ह होत नसतील, तर ती शेवटी फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या विंडोजमधून निघाली आहे. त्या विंडोजवर फास्ट स्टार्टअप बंद करून पूर्ण शटडाउन करा.

२०. अल्बम दिसतात, पण वाजवताना ‘डिव्हाइस बिझी’ येतं.

डेस्कटॉप असलेल्या लिनक्सवर पाइपवायर किंवा पल्सऑडिओने (डेस्कटॉपचे आवाज हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने) डॅक आधीच धरून ठेवलेला असतो, आणि ‘एचडब्ल्यू’ने एका वेळी एकालाच तो मिळतो. आवाजाच्या सेटिंग्जमध्ये त्या डॅकचं प्रोफाइल ‘ऑफ’ करा. मग डेस्कटॉपचे आवाज आतल्या कार्डावर जातात आणि डॅक एमपीडीला मोकळा मिळतो. लिरियनसोबत स्क्वीझलाइट त्याच डॅकवर चालू असेल तरी हेच होतं. तिथे त्याला क्लोज-टाइमआउटचा पर्याय देऊन, गाणं थांबल्यावर काही सेकंदांत डॅक सोडायला सांगा.